पेपर टाकणाऱ्यांची फाईल

हिंजवडीच्या कुठल्याही टपरीवर सकाळी साडेदहाला चहा घेत उभं राहिलं, की अर्ध्या तासात एकदा तरी कानावर पडतं, "अरे, त्याने पेपर टाकले." सायकलवरून वर्तमानपत्रं टाकणाऱ्या पोराचा इथे काही संबंध नाही. राजीनामा दिला, नोटीस पिरियड सुरू झाला, आता तीन महिने त्याचं कामात लक्ष नसणार, एवढं सगळं त्या दोन शब्दांत येतं. मग ठरलेले प्रश्न येतात. ऑफर हातात आहे का? हाईक किती? हायब्रिड की रोज ऑफिस? मागच्याच्या मागच्या कंपनीचं रिलिव्हिंग लेटर मिळालं होतं का, हे मात्र कुणी विचारत नाही. दर दीड-दोन वर्षांनी कंपनी बदलणाऱ्याचं घोडं बहुतेक वेळा तिथेच पेंड खातं.

नोकरी शोधण्याबद्दलचे बहुतेक सल्ले एकाच जागी घुटमळतात: रेझ्युमे असा लिहा, मुलाखतीत टाय घाला, डोळ्याला डोळा भिडवून बोला. पहिल्या नोकरीसाठी ते ठीक आहे. पाचवी नोकरी शोधणाऱ्यापुढचा पेच वेगळा असतो. त्याचं कौशल्य कुणी फारसं नाकारत नाही. शंका असते ती त्याच्या टिकण्याची. आणि त्या शंकेला उत्तर देणारे पुरावे मागे सोडलेल्या चार कंपन्यांत पडलेले असतात. काही कागदांच्या रूपात, काही माणसांच्या.

शंका किती जोरात विचारली जाईल, हे बाजारावर ठरतं. कोविडनंतर आयटीत भरतीला ऊत आला होता, तेव्हा ती कुणी विचारतच नव्हतं. जून २०२२ अखेरच्या तिमाहीत इन्फोसिसने आपला ॲट्रिशनचा, म्हणजे मागच्या बारा महिन्यांत स्वतःहून सोडून गेलेल्यांचा दर २८.४ टक्के जाहीर केला. त्याच वर्षी सप्टेंबर तिमाहीत टीसीएसचा दर २१.५ टक्क्यांवर गेला. निरोपाचे केक कापून कापून टीम लीडर कंटाळले होते. दोनच वर्षांत, मार्च २०२४ पर्यंत, दोन्ही कंपन्यांत हा आकडा साडेबारा टक्क्यांच्या आसपास उतरला. माणसं एकाएकी निष्ठावंत झाली नव्हती; बाहेर ऑफर उरल्या नव्हत्या. जो रेझ्युमे २०२२ मध्ये "काय एक्स्पोजर आहे!" म्हणून उचलला गेला, त्याच रेझ्युमेकडे पाहून २०२४ मध्ये एचआरच्या कपाळाला आठ्या पडू लागल्या.

अमेरिकेतले औद्योगिक मानसशास्त्रज्ञ एडविन घिसेली यांनी १९७४ मध्ये या सवयीला 'होबो सिंड्रोम' असं नाव दिलं. होबो म्हणजे मालगाडीत चोरून चढून गावोगाव काम शोधत फिरणारे तिथले मजूर. सबळ कारण नसताना अधूनमधून नोकरी सोडून दुसरीकडे जाण्याची ओढ, असा घिसेलींचा रोख होता. मराठीत यासाठी प्रयोगशाळेत जायची गरज पडली नाही. 'धरसोड वृत्ती' हा शब्द मुलगा पाहायला गेलेल्या मामांच्या तोंडी केव्हापासूनच आहे. पण त्या शब्दात अन्याय आहे. स्टार्टअप बुडाली, प्रोजेक्ट बंद झाला, कंत्राट संपलं, नवऱ्याची बदली झाली, आईचं आजारपण निघालं, अशा कारणांनी सुटलेल्या नोकऱ्याही रेझ्युमेवर धरसोडीसारख्याच दिसतात. कागदावर फक्त दोन तारखा असतात, कारणाचा रकाना नसतो.

आता पैशाचं बघू, कारण बदलण्यामागे बहुतेकांचं मुख्य कारण तेच असतं. समजा, सहा लाखांच्या पॅकेजवर लागलेली एक टेस्टिंग इंजिनिअर एकाच कंपनीत राहिली आणि दरवर्षी आठ टक्के वाढ मिळाली, तर सहा वाढींनंतर ती साडेनऊ लाखांच्या आसपास पोचते. तिच्याच बॅचच्या मैत्रिणीने या सहापैकी दोन वेळा कंपनी बदलून तीस-तीस टक्के हाईक घेतली आणि उरलेल्या चार वेळा तेच आठ टक्के घेतले, तर तिचा आकडा १३.८ लाख होतो. वर्षाला सव्वाचार लाखांचा फरक. एवढा फरक दिसत असताना "एका जागी बूड टेकवून बस" हा वडिलांचा सल्ला कोण ऐकणार?

वडिलांचं म्हणणं अगदीच निराधार नसतं, कारण काही रकमा सीटीसीच्या, म्हणजे वार्षिक पॅकेजच्या, तक्त्यात ठळक दिसत नाहीत. ग्रॅच्युइटी ही त्यातली पहिली. १९७२ च्या कायद्यापासून ती कायम कर्मचाऱ्याला सलग पाच वर्षांच्या सेवेनंतर मिळते: शेवटच्या मूळ पगाराचे आणि महागाई भत्त्याचे पंधरा दिवसांचे पैसे, दर वर्षामागे, महिना सव्वीस दिवसांचा धरून. मूळ पगार चाळीस हजार असेल, तर पाच वर्षांचे साधारण १ लाख १५ हजार. दोन-दोन वर्षांच्या तीन नोकऱ्या केल्या तर शून्य. गंमत अशी, की अनेक कंपन्या हीच रक्कम सीटीसीत धरून ऑफरचा आकडा फुगवून दाखवतात. जो पाच वर्षं थांबणार नाही, त्याने ऑफर लेटरमधून ती आधी वजा करावी आणि मग हाईक मोजावी. व्हेरिएबल पे आणि जॉइनिंग बोनस यांचंही तसंच. जॉइनिंग बोनस बहुधा वर्षाच्या आत सोडल्यास परत करायचा असतो, आणि ती अट दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात असते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने ठरावीक मुदतीच्या करारावरच्या कर्मचाऱ्यांना एका वर्षाच्या सेवेनंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे. कायम नोकरीवाल्यांची पाच वर्षांची अट मात्र तशीच आहे.

दुसरी रक्कम पीएफची. इथे वारंवार नोकरी बदलणारे सर्वांत जास्त नुकसान करून घेतात, तेही स्वतःच्या हाताने. नोकरी सुटली की खात्यातले साठ-सत्तर हजार काढून नवी बाईक घ्यायची, ही पद्धत सर्रास आहे. सलग पाच वर्षांची सेवा होण्याआधी काढलेला पीएफ करपात्र असतो, आणि रक्कम पन्नास हजार किंवा त्याहून जास्त असेल तर हातात येण्याआधीच कर कापला जातो. हीच रक्कम नव्या कंपनीच्या खात्यात वळवली, तर जुनी वर्षं नव्या वर्षांत मिळवली जातात. चार कंपन्यांतली मिळून पाच वर्षं झाली तरी चालतात. पेन्शनचंही तेच: त्यासाठी दहा वर्षांची सेवा लागते, पण ती एकाच मालकाकडे झालेली असावी असं कुठे म्हटलेलं नाही. सहा कंपन्या फिरून प्रत्येक वेळी खातं वळवणाऱ्याला अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शन मिळू शकतं. प्रत्येक वेळी सगळं काढून घेणारा दर वेळी पहिलीत बसतो.

तिसरा फटका जुलैत कळतो. वर्षाच्या मध्ये कंपनी बदलली आणि आधीच्या पगाराचा तपशील नव्या कंपनीला दिला नाही, तर दोन्हीकडचे अकाउंट्सवाले आपापल्या परीने करसवलत पूर्ण धरतात. प्रमाणित वजावट दोनदा, खालच्या दराचे टप्पे दोनदा. रिटर्न भरताना हिशेब एकत्र येतो आणि व्याजासकट कर भरावा लागतो. हाईकचा पहिला महिना इथे जातो.

पैशाच्या कागदांवरून फाईलकडे यायला हवं, कारण ही सगळी बाजी त्या फाईलवर चालते. ऑफर लेटर, अपॉइंटमेंट लेटर, प्रत्येक पगारवाढीचं पत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, राजीनामा स्वीकारल्याची मेल, रिलिव्हिंग लेटर, एक्स्पिरियन्स लेटर, फुल अँड फायनलचा हिशेब. एका नोकरीचे आठ कागद, पाच नोकऱ्यांचे चाळीस. शेवटच्या दिवशी संध्याकाळी लॅपटॉप जमा केला की कंपनीची मेल बंद होते आणि सॅलरी स्लिपचं पोर्टलही. दोन वर्षांनी नवी कंपनी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनसाठी तीच स्लिप मागते, तेव्हा जुन्या एचआरचा नंबर लागत नसतो. लहान कंपनी असेल तर ती कंपनीच जागेवर नसते. म्हणून मुरलेले लोक पेपर टाकायच्या आधीच सगळ्या स्लिपा आपल्या खासगी मेलवर घेऊन ठेवतात. फक्त स्वतःचे कागद, कंपनीचा कोड किंवा क्लायंटच्या फाईल नव्हेत. तसं केलेलं पकडलं गेलं तर रिलिव्हिंग लेटर विसरायचं.

पूर्वी पाच महिन्यांची एखादी नकोशी नोकरी रेझ्युमेतून गाळून टाकता येत असे. आधीच्या आणि नंतरच्या नोकरीच्या तारखा थोड्या ताणल्या की फट बुजायची. २०१४ पासून पीएफसाठी प्रत्येकाला एकच कायमचा यूएएन क्रमांक मिळू लागला आणि ही वाट जवळपास बंद झाली. कोणत्या कंपनीत कधी लागलो, कधी सुटलो, याची यादी त्या खात्यात दिसते आणि व्हेरिफिकेशन करणाऱ्या संस्था तीच मागतात. २०२२ मध्ये मूनलायटिंगचा गाजावाजा झाला, विप्रोने प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठीही काम करणाऱ्या ३०० जणांना काढल्याचं कंपनीचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी जाहीरपणे सांगितलं, तेव्हापासून एकमेकींवर चढणाऱ्या तारखांकडे एचआर आणखी बारकाईने पाहतात. यात निरपराधही सापडतात. जुन्या कंपनीने पीएफच्या नोंदीत सोडल्याची तारीखच भरली नाही, तर माणूस अजून तिथेच आहे असं दिसतं. ही तारीख शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिन्यांनी स्वतःला भरता येते. २०२० पासून पोर्टलवर ती सोय आहे. नव्या नोकरीच्या शोधात निघण्याआधी करायच्या कामांत हे पहिलं असायला हवं, रेझ्युमेचा फॉन्ट बदलण्याच्याही आधी.

रेझ्युमेतही लपवण्यापेक्षा मांडणी जास्त उपयोगी पडते. दीड वर्षात तीन क्लायंटकडे कंत्राटावर काम केलं असेल, तर तीन वेगळ्या नोकऱ्या लिहायच्या नाहीत. ज्या कंपनीच्या पगारपत्रकावर होतो तिचं नाव एकदा, आणि खाली तीन कामं. कंत्राटाच्या नोकरीपुढे 'कंत्राट' असा शब्द स्पष्ट लिहिला, की "आठ महिन्यांत का सोडली?" हा प्रश्न निम्मा विरतो. उरलेला मुलाखतीत येतोच. त्याचं उत्तर प्रत्येक बदलाला एक वाक्य, एवढ्यात बसावं. "तिथे फक्त मेंटेनन्स होतं, मला ऑटोमेशन शिकायचं होतं, इथे ते मिळालं." एक वाक्य पुढच्या वाक्याला जोडलं गेलं, तर उड्यांचा जिना दिसतो. मॅनेजरच्या नावाने खडे फोडायला लागलं, की ऐकणारा मनात म्हणतो, दोन वर्षांनी हा माझ्याबद्दल हेच सांगणार. आणि एक दीर्घ मुक्काम रेझ्युमेत असावा. तीन-साडेतीन वर्षांची एक नोकरी मध्ये असली, तर आजूबाजूच्या दीड-दीड वर्षांकडे लोक कानाडोळा करतात. ज्याच्याकडे तसा एकही मुक्काम नाही, त्याने पुढच्या हाईकच्या आधी तो कमवावा, असं बरेच अनुभवी रिक्रूटर सांगतात. हिशेबाने पाहिलं तर ते पटतं.

भारतीय आयटीचा नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड हे मात्र वेगळंच प्रकरण आहे. माणूस अडवून ठेवण्यासाठी कंपन्यांनी तो लांबवला आणि त्यातून त्यांच्याच विरोधात एक बाजार उभा राहिला. तीन महिने थांबायला कुणी तयार नसतं, म्हणून नोकरीच्या साइटवर रिक्रूटर आधी 'इमिजिएट जॉइनर' किंवा 'सर्व्हिंग नोटीस' अशी चाळणी लावतात. परिणामी, पहिली ऑफर घेऊन पेपर टाकलेला माणूस त्या नव्वद दिवसांत बाजारातला सर्वांत मागणी असलेला माणूस ठरतो. पहिली ऑफर दाखवून दुसरी, दुसरी दाखवून तिसरी. नोकरी डॉट कॉमवर रोज सकाळी प्रोफाइलमधला एखादा स्वल्पविराम बदलून ते ताजं ठेवायची युक्तीही याच मंडळींची. पुण्यात तर हा खेळ उघड चालतो. त्यात धोका दोन बाजूंनी असतो. ज्या कंपनीला जॉइनिंगच्या सकाळी "सॉरी, येत नाहीये" कळवलं, तिच्या यादीत नाव अडकतं. तिथला रिक्रूटरही दोन वर्षांत नोकरी बदलतो, आणि नेमका आपल्या पुढच्या पसंतीच्या कंपनीत जाऊन बसतो. शिवाय २०२३ मध्ये दिसलं तसं, ऑफर देऊन कंपनीच जॉइनिंग पुढे ढकलत राहिली, तर हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागल्यासारखं होतं. जुन्या कंपनीची काउंटर ऑफर घेऊन थांबणाऱ्यांची गत आणखी नाजूक: पगार वाढतो, पण पुढच्या कपातीच्या यादीत "हा तसाही जाणारच होता" हे वाक्य त्यांच्या नावापुढे लिहिलेलं असतं.

माणसांची गोष्ट याहून जुनी आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांच्या फाटकांवर रोज सकाळी बदली कामगारांची गर्दी व्हायची. कुणी खाडा केला की त्याच्या जागी आत जायला मिळेल, या आशेवर. कुणाला घ्यायचं हे जॉबर ठरवायचा, आणि तो बहुधा गावाकडचा, नाहीतर गाववाल्याच्या ओळखीचा असायचा. १९३५ च्या सुमारास गिरणीमालकांनी बदली कामगारांची नोंदणी सुरू केली, ती जॉबरचा हात आखडावा म्हणून. तरी ओळख उरलीच. आजचा रेफरल म्हणजे त्याचाच इस्त्री केलेला अवतार. फरक इतकाच, की तेव्हा जॉबरला दस्तुरी द्यावी लागायची, आता रेफर करणाऱ्याला कंपनीच बोनस देते.

या ओळखी कोणत्या, हे मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने शोधलं. बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या २८२ व्यावसायिकांना त्याने गाठलं. निम्म्याहून जास्त जणांना नोकरी ओळखीतून लागली होती. ओळख किती घट्ट होती असं विचारल्यावर उलटंच चित्र निघालं: वारंवार भेटणाऱ्यांकडून कळलेले जेमतेम सहात एक, बाकीच्यांना क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्यांनी कळवलं होतं. कारण साधं आहे. जवळच्या मित्रांना जे माहीत असतं, ते आपल्यालाही माहीत असतंच. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, लिंक्डइनच्या दोन कोटी वापरकर्त्यांवर केलेल्या प्रयोगांतही मध्यम पातळ ओळखीच जास्त उपयोगी ठरल्या. आणि इथे धरसोड करणाऱ्याची बाजू एकदम वरचढ होते. वीस वर्षं एका खुर्चीत बसलेल्याच्या ओळखी एकाच इमारतीत असतात. पाच कंपन्या फिरलेल्याचे जुने सहकारी पंचवीस कंपन्यांत विखुरलेले असतात. पण ते फोन उचलतील का, हे शेवटच्या महिन्यात हँडओव्हर कसा दिला यावर ठरतं. नोटीस पिरियडमध्ये आजारपणाच्या सुट्ट्या टाकून गेलेल्याचं काम ज्याच्या गळ्यात पडलं, तोच आता समोरच्या कंपनीत टीम लीड असतो.

कायदा नोकरी बदलणाऱ्याच्या बाजूने आहे, पण आंधळेपणाने नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ माणसाला धंदा-व्यवसायापासून रोखणारे करार रद्दबातल ठरवतं, म्हणून "सोडल्यावर दोन वर्षं प्रतिस्पर्ध्याकडे जायचं नाही" अशा अटींचा न्यायालयात फारसा टिकाव लागत नाही. कराराच्या मुदतीच्या आत सोडलं तर गोष्ट वेगळी. कल्याणजवळच्या सेंच्युरी कंपनीच्या टायरकॉर्ड विभागात १९६३ मध्ये पाच वर्षांच्या करारावर एक शिफ्ट सुपरवायझर लागला. परदेशी कंपनीकडून आलेलं तंत्र त्याला शिकवलं गेलं. दीडेक वर्षात तो जास्त पगारावर कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये गेला. कंपनी कोर्टात गेली, आणि १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कराराची मुदत संपेपर्यंत त्याला तसं काम दुसरीकडे करायला मनाई कायम ठेवली. मे २०२५ मध्ये पुन्हा त्याच धाग्यावर निकाल आला: विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याने तीन वर्षं पूर्ण न करता दुसऱ्या बँकेत जाताना भरलेले बाँडचे दोन लाख वाजवी ठरले. सार्वजनिक बँकेला भरतीवर होणारा खर्च न्यायालयाने मान्य केला. तेव्हा ट्रेनिंगच्या वेळी सही केलेला बाँड "असले कागद टिकत नाहीत" म्हणून उडवून लावण्याआधी त्यातला आकडा आणि मुदत वाचलेली बरी. उलट बाजूने, नव्या वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतर देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकतं करायचं आहे. पंचेचाळीस दिवस फुल अँड फायनलची वाट पाहायची सवय झालेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

हिंजवडीहून तासाभराच्या अंतरावर चाकण आहे. तिथे नोकरी बदलणाऱ्यांना धरसोडे कुणी म्हणत नाही, कारण तिथे बदल त्यांच्या हातात नसतो. आयटीआय करून लातूर, बीड, नांदेडहून आलेली पोरं कंत्राटदारामार्फत लागतात आणि सहा-सात महिन्यांनी 'ब्रेक' मिळतो. वर्षात २४० दिवस भरले की कायद्याने सलग सेवा धरली जाते. ते भरू नयेत म्हणून ही कात्री. मग पुन्हा खोलीवरच्या पोरांचे व्हॉट्सॲप ग्रुप, पुन्हा गेटवरचा कंत्राटदाराचा माणूस, "सीएनसी येतं का? शिफ्ट चालेल का?" पाच वर्षांत आठ कंपन्या होतात आणि हातात एकही अनुभवाचं पत्र नसतं, कारण कंत्राटदार ते देत नाही आणि कंपनी म्हणते, तू आमचा नाहीस.

या पोरांची फाईल मोबाईलमध्ये असते. प्रत्येक कंपनीच्या गेटपासचा फोटो, दोन्ही बाजूंनी. ईएसआयचा विमा क्रमांक, जो आयुष्यभर एकच राहतो. यूएएनच्या सेवा-यादीचा स्क्रीनशॉट, ज्यात आठही कंत्राटदारांची नावं आणि तारखा ओळीने उतरलेल्या असतात. अनुभवाचं पत्र मागणाऱ्या सुपरवायझरपुढे एखादा पोरगा मोबाईल धरतो आणि अंगठ्याने ती यादी वर सरकवत जातो.